डिपेंडंट परवान्यावर स्वीडनला आलेल्यांनी लगेच मास्टर्सला प्रवेश घ्यावा का?

हिसिंगेनकर (धागाकर्ती)

जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट परवान्यावर पुण्याहून किंवा नाशिकहून गोथेनबर्गला आलेल्या उच्चशिक्षित मंडळींची पहिली दोन वर्षे बहुधा सारखीच जातात. नोकरीसाठी अर्ज करायचे, "आम्ही अन्य उमेदवाराची निवड केली आहे" अशी सभ्य ईमेल वाचायची, आणि मधल्या वेळात घर सांभाळायचे. माझे मत असे आहे की यात वेळ घालवण्यापेक्षा आल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत मास्टर्ससाठी अर्ज करावा.

स्वीडनने 2011 च्या शरद सत्रापासून युरोपीय संघ, युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. अभियांत्रिकीच्या मास्टर्सला ती वर्षाला दीड लाख क्रोनरच्या आसपास जाते. मात्र ज्यांच्याकडे शिक्षणाखेरीज अन्य कारणासाठी मिळालेला निवास परवाना आहे, म्हणजे आपल्यासारखे डिपेंडंट, त्यांना ही फी माफ आहे आणि अर्जाचे 900 क्रोनरही भरावे लागत नाहीत. भारतातून थेट येणारा मुलगा ज्या वर्गासाठी शैक्षणिक कर्ज काढतो, त्याच वर्गात आपण विनाशुल्क बसतो, हे अनेकांना ठाऊकच नसते.

याहून मोठा मुद्दा शेवटच्या सत्राचा आहे. दोन वर्षांच्या एकूण 120 क्रेडिट्सपैकी 30 क्रेडिट्सचा प्रबंध असतो आणि तांत्रिक शाखांत तो पुष्कळदा एखाद्या कंपनीत बसून करता येतो. त्याला इथे एक्सयॉब म्हणतात. ज्या कंपनीच्या भरती विभागाने आपला अर्ज उघडूनही पाहिला नसेल, तिथे आपण सहा महिने रोज कॉफीला त्याच माणसांबरोबर उभे असतो.

लहान मूल असणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. पालक बेरोजगार असेल तर मुलाला पाळणाशाळेत आठवड्याला साधारण पंधराच तास मिळतात. पालक शिकत असेल तर अभ्यासाच्या वेळेनुसार ते तास वाढतात आणि शुल्कावर कमाल मर्यादा असतेच.

उप्सालावासी

धागाकर्तीने दिलेली माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. फी नाही म्हणजे खर्च नाही असे होत नाही. दोन वर्षे घरात एकच पगार येणार आहे, आणि स्वीडिश विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी शिक्षणसाह्य डिपेंडंट परवान्यावर सहसा मिळत नाही. मूल आजारी पडले (आणि पाळणाशाळेच्या पहिल्या हिवाळ्यात ते सतत आजारी पडते) तर नोकरदार आईबापांना मिळणारा भत्ताही ज्याचे उत्पन्नच नाही अशा विद्यार्थ्याला मिळत नाही.

खरा अडसर पदवीचा नसून भाषेचा आहे. मी स्थापत्य अभियंता आहे. इथले बांधकाम नियम स्वीडिशमध्ये, नगरपालिकेशी होणारा पत्रव्यवहार स्वीडिशमध्ये आणि साइटवरचा मुकादमही स्वीडिशमध्येच बोलतो. इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्सने यातले काहीही सुटत नाही. याउलट एसएफआयचे (स्थलांतरितांसाठीच्या प्राथमिक स्वीडिशचे) वर्ग नगरपालिका मोफत चालवते, त्यापुढचे द्वितीय भाषा म्हणून स्वीडिश शिकवणारे वर्गही मोफत असतात, आणि भारतातील पदवीचे मूल्यांकन उच्चशिक्षण परिषदेकडून विनामूल्य करून मिळते. ते मूल्यांकनपत्र आणि बऱ्यापैकी स्वीडिश एवढ्यावर माझ्या परिचयातील दोघींना नोकऱ्या लागल्या. त्यांच्याकडे असलेल्या पदवीत आणखी एकीची भर घालून काय साधले असते?

हिसिंगेनकर

स्थापत्याच्या बाबतीत तुमचे म्हणणे योग्य आहे. शिक्षण, समाजकार्य आणि सरकारी खाती यांनाही ते लागू पडते. परंतु सॉफ्टवेअर, वाहन-अभियांत्रिकी किंवा बॅटरी या क्षेत्रांत गोथेनबर्गच्या लिंडहोल्मेन या तंत्रज्ञान-परिसरातील कार्यालयांतून दिवसभर इंग्रजीच चालते. तिथे भाषा आडवी येत नाही. आपल्याला ओळखणारे कोणी नसते, ही अडचण असते. एसएफआयच्या वर्गात शेजारी बसणारे लोक उत्तम असतात, पण ते आपल्या व्यवसायातले नसतात. शिवाय एसएफआय संध्याकाळी करता येते. दोन्हींपैकी एकच निवडले पाहिजे, असे कोणी ठरवले?

उप्सालावासी

दिनदर्शिकेने. पूर्णवेळ अभ्यास म्हणजे आठवड्याचे चाळीस तास, असे विद्यापीठेच गृहीत धरतात. वेळापत्रकात तास कमी दिसतात म्हणून नवखा माणूस फसतो. उरलेला वेळ गटप्रकल्पात जातो, आणि गटातली बाविशीतली मुले रात्री आठ वाजता भेटू म्हणतात. त्या वेळी एसएफआय, स्वयंपाक आणि मूल या तिन्ही गोष्टी तुमची वाट पाहत असतात.

लुंडचा पाहुणा

दोघांच्याही युक्तिवादात एक वर्ग सुटला आहे. भारतातून एम.टेक. किंवा एम.एस्सी. करून आलेल्यांनी पुन्हा मास्टर्स करणे मला निव्वळ अपव्यय वाटतो. इथे पीएचडी ही नोकरी आहे. जागेची जाहिरात निघते, मुलाखत होते, मासिक पगार मिळतो, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा मिळते. कालावधी चार वर्षांचा असून वीस टक्क्यांपर्यंत अध्यापन दिले, तर तो पाच वर्षांपर्यंत लांबतो. वर्षाला एकदाच प्रवेश असाही प्रकार नाही. विद्यापीठांच्या रिक्त पदांच्या पानावर बाराही महिने जाहिराती येत असतात. भारतातील पदव्युत्तर पदवी सामान्यतः पात्रतेला पुरते. मग दोन वर्षे बिनपगारी का बसावे?

हिसिंगेनकर

कारण पात्र असणे आणि निवडले जाणे यांत फार अंतर आहे. एकेका जागेला जगभरातून ढिगाने अर्ज येतात, आणि प्राध्यापकाने ज्याचा प्रबंध स्वतः तपासला आहे तो विद्यार्थी त्या ढिगात वर दिसतो. ज्यांचे शोधनिबंध छापून आलेले आहेत त्यांनी जरूर थेट अर्ज करावा. ज्यांनी एम.टेक.नंतर आठ वर्षे हिंजवडीत नोकरी केली आहे, त्यांची शिफारसपत्रे कोण लिहिणार?

मालमोकर

मी स्वतः बायकोच्या परवान्यावर आलो आहे, त्यामुळे ही बाजू मांडणे मला भाग आहे. आपली फीमाफी आपली नसते, ती परवान्याची असते. आणि परवाना जोडीदाराच्या नोकरीला बांधलेला असतो. ती नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण तीनच महिने मिळतात. तेवढ्यात नोकरी लागली नाही आणि आपल्याला स्वतःचा विद्यार्थी परवाना काढावा लागला, तर खात्यात पुरेसे पैसे दाखवणे आले आणि फीही आली. तिसऱ्या सत्रात हा प्रसंग ओढवला तर अर्धी पदवी घेऊन परत जाण्याची पाळी येते. जोडीदाराचे कंत्राट प्रकल्पापुरते असेल, तर मी मास्टर्सच्या वाटेला जाऊ नये असेच सांगेन. घटस्फोटाचा विषय आपल्याकडे कोणी उघडपणे काढत नाही, म्हणून मीच काढतो: तेव्हाही हाच परवाना प्रथम धोक्यात येतो.

बीडीएसवाली

दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, औषधनिर्माते यांच्यासाठी एक स्पष्ट नोंद करते, कारण मला विचारणा होत असते. सार्वजनिक आरोग्याचा मास्टर्स केल्याने इथे रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. तो सोशलस्टीरेल्सेन (आरोग्य व समाजकल्याणाचे सरकारी मंडळ) देते आणि त्यासाठी उत्तम स्वीडिश अनिवार्य आहे. कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी दंतवैद्यांसाठी पूरक अभ्यासक्रम चालतो, तोही स्वीडिशमध्येच. आमच्यापुरते उप्सालावासी यांचेच म्हणणे खरे आहे.

हिसिंगेनकर

बीडीएसवाली यांच्याशी पूर्ण सहमत. रुग्ण तपासण्यासाठी परवाना लागणाऱ्या व्यवसायांना माझे म्हणणे लागू नाही. मालमोकर यांच्या मुद्द्यावर मात्र माझा विचार उलटा आहे. निवास परवाना जोडीदाराच्या नोकरीला बांधलेला आहे, म्हणूनच घरात दुसरी कमाई लवकर उभी राहिली पाहिजे, आणि ती दुसऱ्याच्या नोकरीवर नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या परवान्यावर. कंत्राट कायमस्वरूपी असेल तर दोन वर्षांचा धोका मी पत्करेन. प्रकल्पापुरते असेल तर नाही. ज्यांनी ठरवले आहे त्यांच्यासाठी एवढेच: शरद सत्राच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यास संपते, चार अभ्यासक्रम पसंतीक्रमाने भरता येतात, आणि निवास परवान्याच्या कार्डाची प्रत अर्जासोबत जोडली नाही तर फीची मागणी येते.

उप्सालावासी

आणि मुदत हुकली तर पुढच्या जानेवारीपर्यंत एसएफआयचा वर्ग मोकळाच आहे. त्यात नाव घालून ठेवा.