यानात वस्तू जागेवर कशा राहतात?

प्रश्न: लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी अंतराळ स्थानकाचं मॉडेल करतोय. आतल्या भिंतींना चुंबकं लावणार होतो, तर ती म्हणते, "बाबा, तिथे वेल्क्रो असतं." एवढ्या महागड्या स्थानकात चपलेच्या पट्ट्याचं वेल्क्रो?

उत्तर: लेक बरोबर आहे. स्थानकाची बांधणी मुख्यतः ॲल्युमिनियमची, चुंबक चिकटणार कुठे? वेल्क्रोची एक पट्टी भिंतीवर, जोडीची वस्तूवर. मात्र ती ओढून काढताना वस्तूऐवजी आपणच भिंतीकडे खेचले जातो, म्हणून आधी पाय दांडीखाली अडकवायचे! वह्या, कॅमेरे ताणलेल्या इलास्टिक दोऱ्यांखाली सारतात. स्क्रूसारखं बारीकसारीक सामान झिपच्या पारदर्शक पिशवीत, आणि पिशवी उघडायची ती बेताने, नाहीतर सगळं तरंगत बाहेर. हरवलेली वस्तू बरेचदा हवा ओढून घेणाऱ्या जाळीवर सापडते. मॉडेलमध्ये ती जाळी दाखवाच.

आणखी एक: वेल्क्रो जळतं, हे विसरू नका. 27 जानेवारी 1967 ला अपोलो 1 च्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या केबिनमध्ये आग लागली, तिघे अंतराळवीर गेले. आत वेल्क्रो आणि नायलॉनच्या जाळ्या भरपूर होत्या. नंतर त्यांच्या वापरावर बंधनं आली. स्थानकाबाहेर तर प्रत्येक हत्यार दोरीला बांधतात. तरी 2008 मध्ये स्पेसवॉक करताना अख्खी हत्यारांची पिशवी निसटली होती.

प्रश्नकर्ता: चुंबकं परत फ्रिजवर गेली. जाळीला जुन्या पंख्याचा तुकडा चालेल ना? लेक वेल्क्रो कापत बसलीये, माझ्या बुटांचं.