मदत हवी आहे : जुन्या रेझरची अडलेली कळ मोकळी कशी करू?

माझ्याकडे जुना जिलेट सुपर स्पीड रेझर आहे. दांड्याच्या टोकाची कळ फिरवली की ब्लेडवरची दोन झाकणं दारांसारखी उघडतात, तो. पितळेवर निकेलचा मुलामा. मुलामा बराचसा शाबूत आहे, फक्त एका कडेला हिरवट ठिपका दिसतो, म्हणजे तिथे पितळ उघडं पडलं असणार. खरी अडचण आतली आहे. बिजागऱ्यांत साबणाचा थर कडक होऊन बसलाय आणि कळ अर्ध्यावरच अडते.

ब्लेड काढून, कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थेंब टाकून रात्रभर भिजवला. मऊ टूथब्रशने दांड्यावरच्या रेषांतला मळ छान निघाला. कळीत मिनरल ऑइल सोडून हलक्या हाताने पुढेमागे फिरवतोय. थोडी सैल झाली, पण झाकणं पूर्ण उघडत नाहीत. टूथपेस्टने मुलामा घासला जातो आणि ब्रासो त्याहून वाईट, म्हणून दोन्हींच्या वाटेला गेलो नाही. उकळतं पाणीही नाही. पक्कड तर नकोच!

रेझर खोलायचा नाही, नवा मुलामाही चढवायचा नाही. चकाकी नसली तरी चालेल, रोज दाढी करायची आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने निर्जंतुक करीन, ते ठाऊक आहे.

आतला थर काढायला सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण कुणी निकेलवर वापरलंय का? किती पातळ, किती मिनिटं? आणि जिथे पितळ उघडं आहे, तिथे त्याने नुकसान होईल का?