लुकासला शिव्या घालण्याआधी अर्थिंग तपासा, मालक!

तपकिरी_तार (कॉव्हेंट्री), धागाकर्ता:

परवा इथे शनिवारचा_मेकॅनिक यांनी आपल्या १९६६ च्या एमजीबीचा (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) पराक्रम टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: जुनी वायरिंग कात्रीने कापून बाहेर, बारा सर्किटांचा तयार अमेरिकन हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, आत, पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह अर्थ केली (बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक बदललं), चार्जिंगचा जुना डायनॅमो काढून जास्त करंट देणारा अल्टरनेटर. आणि वर उपदेश, 'जुनी ब्रिटिश गाडी रात्री चालवायची असेल तर प्रत्येकाने हेच करावं, वायरिंग एकदम सोपी होते.' खाली वाहवांची रांग. प्रतिसाद लिहायला बसलो, तो एवढा लांबला की वेगळा धागा काढतोय.

गाडी तुमची, पैसे तुमचे. पण 'सोपी' हा शब्द झोंबला. अहो, त्या गाडीत मुळात चालू फ्युज दोन आहेत. दोन! एक जांभळ्या तारांचा, चावी असो-नसो जिवंत: हॉर्न, आतला दिवा. दुसरा हिरव्या तारांचा, चावी फिरवल्यावर: ब्रेकलाइट, वायपर, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, पांढरी चावीतून, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थ. एवढं पाठ असलं की डॅशबोर्डखाली उताणं पडून, टॉर्च दातात धरून, नकाशा न बघता अख्खी गाडी वाचता येते. तुमच्या हार्नेसचे रंग दुसऱ्याच मुलखाचे. दहा वर्षांनी ही गाडी ज्याच्या पदरात पडेल तो तुमच्या नावाने बोटं मोडेल.

आता लुकास, म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी. 'अंधाराचा राजपुत्र' हा विनोद या देशात आल्यापासून ऐकतोय, दर वेळी सांगणारा स्वतःच आधी हसतो. माझ्या १९६५ च्या एमजीबीचे दिवेसुद्धा घेतली तेव्हा रॉकेलच्या चिमणीसारखे होते. मीटर लावला. दिवे चालू ठेवून बॅटरीवर १२.३ व्होल्ट, उजव्या दिव्यावर १०.१. मधले २.२ गेले कुठे? त्यातले ०.९ एकट्या अर्थच्या वाटेत. काळ्या तारेचा बुलेट कनेक्टर (तारेच्या टोकाची पितळी गोळी नळीत खोचायचा जोड) ओढला तर आतली नळी शेवाळल्यासारखी हिरवी, आणि बुलेट हातात घेऊन फिरवली तर तारेवर चक्क गरगर फिरते. बारीक पॉलिश पेपर, नवी बुलेट, वर व्हॅसलीन. असे चार जोड केले आणि दिव्यावर ११.६ आले. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के पडतो, तेव्हा फरक काय पडला असेल ते समजा. खर्च एक दुपार. कात्री लागली नाही.

शनिवारचा_मेकॅनिक (रेडिंग):

वा! माझं नाव घेऊन धागा, आभारी आहे.

साहेब, तुमची गाडी सोवळ्यातली होती. माझीचे चार मालक झालेले. एकाने फॉगलाइट लावले, एकाने कॅसेट प्लेयर, एकाने चोरघंटी, आणि जाताना प्रत्येकाने आपापल्या तारा आतच ठेवल्या. तारेला चिमटा मारून जोड काढायच्या त्या निळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मोजल्या, सतरा निघाल्या. मागच्या नंबरप्लेटच्या दिव्याला घरच्या डोअरबेलची वायर होती. यात तुमची पांढरी-हिरवी-जांभळी कविता कुठे वाचू?

आणि एक गोष्ट सोयीस्कर विसरलात. हेडलाइटला मुळात फ्युजच नाही. तपकिरी तार थेट स्विचमध्ये, तिथून निळी पुढे. ती निळी तार माझ्या गाडीत स्टीअरिंग कॉलमखाली पत्र्याला घासत होती. एम-४० वर रात्री डॅशबोर्डखालून धूर आला तेव्हा शेजारी नऊ वर्षांची लेक होती. तिला आधी बाहेर काढलं, मग सीटमागचं झाकण उचकटून बॅटरीची केबल ओढली, हात भाजला. त्या रात्री ठरवलं, हे सगळं बाहेर.

डायनॅमोचंही ऐका. भर वेगात २२ अँपिअर. हेडलाइटच १० खातात, वर वायपर, हीटर, स्पार्कची कॉइल, पेट्रोलचा पंप. पावसात ट्रॅफिक तुंबला की डायनॅमो काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा तुमच्याकडे बघत बसतो. मला शोकेसमधली गाडी नकोय.

हेरल्डवाला (पुणे):

दोघांना दंडवत. तिकडे निदान मूळ रंगांची, सुती विणीची वायरिंग तयार विकत मिळते. आमच्या मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीची वायरिंग म्हणजे साठ वर्षांतल्या सगळ्या इलेक्ट्रिशियनांचा इतिहास. फ्युज उडतो म्हणून एकाने त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. मी विचारलं तर म्हणतो, 'आता कधीच उडणार नाही साहेब.' खरंच नाही उडाला. तार उडाली.

अर्थिंगबाबत तपकिरींना माझा पूर्ण पाठिंबा. एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला आणि चढवताना इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी लावायची राहिली. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे स्टार्टरचा करंट परत जाणार कुठून? चोकच्या केबलमधून! स्टार्टर मारला आणि केबल उदबत्तीसारखी धुमसायला लागली.

ता.क. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए'चा (व्हिंटेज) नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट काय, तर गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठी उलथापालथ नको. तारांचं कोण बघतंय? ज्याने बघायची त्याने माझा फक्त हॉर्न वाजवून घेतला.

न्यूजर्सीकर:

दोघंही बरोबर, दोघंही हट्टी. मूळ वायरिंग ठेवा, हेडलाइटला दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) टाका, फ्युज टाका, विषय संपला. स्विचमधून मग नावापुरता करंट जातो. मी माझ्या स्पिटफायर गाडीला तेच केलं. प्रत्येक जोड मस्त सोल्डर केला, वर हीटश्रिंक. बारा वर्षं झाली.

घाटातली_जीप (कोल्हापूर):

रिलेला +१. सोल्डरला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार. आंबा घाट, जुलै, रात्रीचे साडेनऊ, जीपचे दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पाऊस असा की बॉनेट दिसेना. माझी सासू मागे बसून रामरक्षा म्हणतेय आणि नवरा मोबाईलचा उजेड काचेबाहेर धरतोय. सकाळी बघितलं तर तार तुटलेली, आणि बरोब्बर जिथे सोल्डर संपतं तिथे. सोल्डर तारेच्या पदरांत वर चढतं, तिथवर तार काडीसारखी ताठ होते, आणि हादऱ्याने काडीच्या टोकाला मोडते. गाडीत फक्त क्रिंप, म्हणजे तारेवर धातूची टोपी दाबून केलेला जोड. नंतर सगळी वायरिंग मी स्वतः केली.

डाख_आणि_धूर (सांगली):

ताई, तुमच्या माणसाने डाख (सोल्डर) दिला नव्हता, बर्फी थापली होती. चाळीस वर्षं डाख देतोय. तार आधी तापवायची, मग डाख तारेने प्यायचा, सोल्डरिंग आयर्नने ओतायचा नाही. ट्रकमधले वायरलेस सेट केलेत, एक जोड परत आला नाही. हल्लीची पोरं पकडीने चिमटा काढतात आणि त्याला क्रिंप म्हणतात.

घाटातली_जीप:

काका, वायरलेस सेट डब्यात असतो, जोड हलतो कुठे? हेडलाइटची तार वाऱ्यावर असते. आणि पकडीने कोण करतंय? रॅचेटचा क्रिंपर आहे माझ्याकडे, दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडत नाही. जोड ओढून बघते, मग पुढे जाते.

डाख_आणि_धूर:

हेच सांगतोय. डाख द्यायला हात लागतो, क्रिंपला पैसे. आणि या धाग्यातल्या विद्वानांनी एक सांगावं, पितळी बुलेट डाख द्यायची मिळते की नाही? तपकिरीसाहेबांनी 'नवी बुलेट' लावली ती कशी लावली?

तपकिरी_तार:

...सोल्डरने. पण बुलेटच्या मागे तार रबरी स्लीव्हमध्ये धरलेली असते, तिला वाक बसत नाही. मोकळ्या तारेच्या मध्यावर जोड देणं वेगळं.

डाख_आणि_धूर:

म्हणजे सोल्डरने. एवढंच विचारलं होतं.

न्यूजर्सीकर:

मी फक्त रिले म्हणालो होतो हो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

शनिवारचा_मेकॅनिक:

शुद्धतेचे पुजारी स्वतः डाख देतात, नोंद घेतली. :)

तपकिरी_तार:

नोंद घेताच आहात तर एक माझीही घ्या. तुमचा फोटो पुन्हा मोठा करून बघितला. इंजिन चालू, चार्जिंगचा दिवा विझलेला, तेलाचा दाब ६०. आणि आरपीएमचा काटा शून्यावर झोपलाय. सोपेपणा फार झाला का?

शनिवारचा_मेकॅनिक:

तो बंद आहे. त्या हार्नेसवाल्याला दोनदा लिहिलं, म्हणाला मीटर खराब असेल.

तपकिरी_तार:

मीटर खराब नाही. तुमच्या साली आरपीएमच्या मीटरला इंजिनाकडून केबल येत नाही, तो करंट मोजतो. कॉइलकडे जाणारी पांढरी तार मीटरच्या पाठीवर वेढा घालून पुढे जाते, त्या वेढ्यातून त्याला ठोके कळतात. तुम्ही कॉइलला नवी तार सरळ नेली, वेढा कापून टाकला. शिवाय अर्थ उलटी केलीत, म्हणजे मीटर उघडून आतले दोन जोडही बदलायला हवेत. हे तुमच्या बारा सर्किटांच्या माहितीपत्रकात नसणार, कारण ते ज्यांनी छापलं त्यांना ही गाडी माहीत नाही. मला हेच तर म्हणायचं होतं.

शनिवारचा_मेकॅनिक:

बरं बाबा, जिंकलात. काटा तुमचा, धूर माझा. पण हेडलाइटच्या फ्युजचं उत्तर अजून आलेलं नाही. तीन दिवस झाले. तुमच्या गाडीत आहे की नाही?

हेरल्डवाला:

हो, ते राहिलंच.

तपकिरी_तार:

आहे.

शनिवारचा_मेकॅनिक:

काय आहे? नीट सांगा.

तपकिरी_तार:

दोन रिले, चार फ्युज. रेडिएटरच्या बाजूला, पत्र्याआड, काळ्या डब्यात. बॉनेट उघडलं तरी दिसत नाहीत. मूळ एकही तार कापलेली नाही, निळ्या तारांच्या बुलेटीच फक्त रिलेत खोचल्यात, काढल्या तर गाडी जशीच्या तशी. लेकीचं वाचल्यावर आधीच सांगायला हवं होतं, तेवढं मान्य. अल्टरनेटर मात्र नाही लावणार.

घाटातली_जीप:

म्हणजे पत्र्याआड का होईना, सगळे एकाच पंगतीत. रामरक्षेसकट.

शनिवारचा_मेकॅनिक:

जुनी वायरिंग फेकलेली नाही, पोत्यात भरून माळ्यावर आहे. काल उतरवून बघितली. मीटरची पांढरी तार सापडली, बल्कहेडपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कापलेली. वेढ्याच्या अलीकडे-पलीकडे चार-चार बोटं शिल्लक आहे.

तपकिरी_तार:

चार बोटं पुरेल. पोतं टाकू नका. या रविवारी रेडिंगला येतो, माझा व्होल्टमीटर घेऊन येतो. दोन्ही जोड क्रिंपने करू.

डाख_आणि_धूर:

डाखाने.