‘डिव्हाइस नेम’ आणि ‘साइन ऑन’ यांना मराठीत काय म्हणावे?

उद्यमबागकर: बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत स्टोअर आणि डिस्पॅचचे काम आयबीएमच्या एएस/४०० घराण्यातील संगणकावर चालते आणि टेबलावरचे साधे पीसी टर्मिनल इम्युलेशनच्या, म्हणजे पीसीला त्या मुख्य संगणकाच्या पडद्यासारखे वागायला लावणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून त्याला जोडलेले असतात. या जोडणीच्या सेटिंगची मराठी माहितीपुस्तिका लिहिताना मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. ‘डिव्हाइस नेम’साठी मी ‘उपकरणाचे नाव’ लिहिले, तेव्हा स्टोअरमधील दोघांनी आपापल्या पीसीवर छापलेले कंपनीचे नाव त्या रकान्यात भरले. दोघांचे पीसी एकाच कंपनीचे असल्यामुळे नाव एकच झाले; पहिला जोडला गेला आणि दुसऱ्याची जोडणी नाकारली गेली. चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती. तेथे हवे असते ते मुख्य संगणक त्या जोडणीला ज्या नावाने ओळखतो ते नाव, जास्तीत जास्त १० अक्षरांचे. रकाना रिकामा ठेवला तर संगणक ‘क्यूपीएडीईव्ही’पुढे चार आकडे किंवा अक्षरे लावून स्वतःच नाव देतो, पण ते प्रत्येक वेळी तेच राहील याची खात्री नसते. ‘साइन ऑन’साठी, म्हणजे आपले नाव आणि पासवर्ड टाकून काम सुरू करण्यासाठी, ‘सही करा’ लिहिले, तर डिस्पॅचमधील बाईंनी डिजिटल सहीचे टोकन मागितले.

शहापूरकर: आमच्या घरी यंत्रमाग होते. प्रत्येक मागाला क्रमांक असे, विणकर बदलला तरी वहीत क्रमांक तोच राहत असे आणि कापडात दोष निघाला की वडील आधी माग विचारत, मग माणूस. आपण सांगता ते नाव मला या मागाच्या क्रमांकासारखे वाटते. म्हणून ‘जागेचे नाव’ असे सरळ लिहावे.

टिळकवाडी: ‘जागा’ फार मोघम आहे. ‘उपकरण’ हा रुळलेला शब्द आहे; वाचकाला तो कळला नाही तर खाली टीप द्यावी, शब्द टाकून देऊ नये. ‘साइन ऑन’ला ‘प्रवेश’ म्हणावे. ‘सही’ अरबीतून आलेला शब्द असून येथे तो अर्थानेही चुकीचा आहे. सावरकरांनी ‘महापौर’ शब्द सुचवला तेव्हा तोही लोकांना जड वाटला असेल. आज तो बेळगावात मराठीतही चालतो आणि कन्नडमध्येही.

निपाणीकर: ‘सही’ अरबी आहे हे खरे, पण तो आता परका राहिलेला नाही. मूळ अर्थ ‘बरोबर, खरे’. कागद बरोबर आहे असा शेरा देता देता तोच शब्द स्वाक्षरीला चिकटला असावा, असे मला वाटते. कन्नडमध्येही स्वाक्षरीला ‘सहि’च म्हणतात. आपल्या भागात जमिनीच्या उताऱ्याला कन्नड बोलणारे शेतकरीही ‘उतार’ म्हणतात. तो शब्द कोणत्या समितीने ठरवलेला नाही. आमच्या वखारीत कामगार सकाळी वहीत सही करत आणि त्यालाच ‘हजेरी’ म्हणत. मी ‘हजेरी लावा’ असे लिहीन.

उद्यमबागकर: ‘प्रवेश’ मी आधीच अधिकार देण्याच्या अर्थाने वापरला आहे, त्यामुळे तो येथे घेतला तर घोटाळा होईल. मात्र शहापूरकरांचा माग मला फार उपयोगी पडला. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की काय करायचे, हे त्या संगणकावर आधी ठरवता येते: १ ठेवल्यास ती जोडणी बंद होते, २ ठेवल्यास माणसाचे खाते बंद होते आणि ३ ठेवल्यास दोन्ही बंद होतात. म्हणजे माग आणि विणकर तेथेही वेगळेच धरलेले आहेत. शिवाय त्या पीसीवरून सुरू झालेल्या कामाला ‘डिव्हाइस’चेच नाव मिळते, त्यामुळे कोणाचे काम अडले आहे ते यादीत पाहताना ‘स्टोअर०१’ असे नाव दिसले की पटकन उलगडा होतो. ‘उपकरण’ म्हटल्याने यातले काहीच कळत नाही. पण ‘जागा’ म्हटले तर पीसी दुसऱ्या टेबलावर नेल्यावर नाव बदलायचे का, असा प्रश्न येईल. त्यावर कोणाकडे उत्तर आहे का?

खानापूरकर: मला ‘हजेरी’विषयी बोलायचे आहे. मी २० वर्षे शाळेत हजेरी घेतली आहे. ‘हजेरी घेणे’ म्हणजे खडसावणे, असाही अर्थ आहे, आणि पासवर्ड चुकल्यावर खाते बंद झालेल्या माणसाला तो नेमका तसाच ऐकू येईल.

निपाणीकर: म्हणूनच मी ‘लावणे’ म्हटले, ‘घेणे’ नव्हे. लावणारा स्वतः माणूस असतो.

टिळकवाडी: परंतु पासवर्ड आधीच पाठवून साइन ऑनचा पडदा वगळण्याची सोयही अशा सॉफ्टवेअरमध्ये असते. मग त्या दिवशी हजेरी कोण लावतो?

निपाणीकर: वहीत दुसऱ्याने सही केली तरी हजेरी त्याचीच लागते, ज्याचे नाव लिहिलेले असते.

खानापूरकर: आमच्या शाळेत ती लागत नसे.