मराठी रॉक बँड: कंपनीच्या करारावर सही करावी की ६० हजारांत स्वतः रेकॉर्ड करावं?

ड्रॉप_डी (पुणे)
चौघांचा बँड, तीन वर्षं झाली. सहा गाणी स्वतःची, सगळी मराठी. एका म्युझिक कंपनीने एका गाण्यासाठी करार पाठवलाय. व्हिडिओचा खर्च त्यांचा. अटी अशा: गाणं तीन मिनिटांच्या आत, गिटार सोलो काढायचा, एक कडवं हिंदीत, आणि 'उंबरठा'च्या जागी 'दरवाजा', कारण बाहेरच्यांना कळत नाही म्हणे. अख्खं गाणं त्या उंबरठ्यावर उभं आहे हो! हक्क 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' त्यांचे. नाही म्हटलं तर आमच्याकडे एकूण ६० हजार आहेत, त्यात तीन गाणी करायचीत. पुण्यातला स्टुडिओ सुचवा. बजेट वाढणार नाही.

सातारकर_बेस
सही करा. आम्ही २०१६ साली अशीच ऑफर तत्त्व म्हणून नाकारली. वर्षभरात ड्रमर नोकरीसाठी बंगळूरला गेला, बँड संपला. गाणी अजून माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. एका शब्दापायी ती कुणी ऐकलीच नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

रंगभवन_८६
अजिबात सही करू नका. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात उभं राहून आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकलेला माणूस आहे मी. तेव्हा लोक इंग्रजी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी मागायचे, तरी रॉक मशीन हा बँड स्वतःची गाणी वाजवत राहिला. १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झाले, पण गाणी स्वतःचीच. रेकॉर्डिंग मुंबईत करा. ड्रमला मोठी खोली लागते. दोन-अडीच लाख धरा.

ड्रॉप_डी
काका, ६० हजार म्हटलंय.

लूपवाली
ड्रम लॅपटॉपवर प्रोग्रॅम करा, निम्मा खर्च वाचेल.

रंगभवन_८६
मग तो रॉक कसला? ड्रमर समोरच्याकडे बघून वाजवतो, त्यात जीव असतो.

लूपवाली
माझी तीन गाणी तशीच केलीत. एका जुन्या ड्रमरने विचारलं, कोणी वाजवलंय? तुम्ही आधी ऐका तरी.

चिंचवडचा_रिफ
विषय भरकटतोय. आधी कव्हर वाजवून पैसे उभे करा. आम्ही दर शनिवारी एका पबमध्ये तीन तास हिंदी गाणी वाजवतो, माणशी दोन हजार सुटतात. पूर्वी शेवटची चाळीस मिनिटं आमची असायची. आता मालक म्हणतो, गिऱ्हाईक उठून जातं, तीही बंद करा. सहा महिने झाले, नवीन एक ओळ सुचलेली नाही. आणि स्टुडिओत जाल तर प्रत्येक ट्रॅकच्या वेगळ्या फायली मिळणार का, ते आधी लिहून घ्या. आमच्या फायली अडवून ऐनवेळी आठ हजार जादा मागितले.

वकील_पण_गिटार
करारावर कुणीच बोललं नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. म्हणून लिहिणारा आणि चाल लावणारा, दोघांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचं सभासदत्व घ्या. दुसरं, मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून तर ते 'कायमस्वरूपी' लिहितात. तो शब्द खोडून 'पाच वर्षं' लिहा आणि परत पाठवा. ऐकतील किंवा नाही ऐकणार. आणि चौघांत कोणी काय रचलं, याचा कागद आजच करा. दोस्ती आहे तोवर तो सहज होतो.

सातारकर_बेस
वरच्यांशी सहमत. मुदत पाच वर्षं करून घ्या आणि सही करा.

मेटलमावशी
कव्हरला नावं ठेवू नका. ब्लडीवूड या मेटल बँडने पॉप गाण्यांचं मेटल करूनच सुरुवात केली आणि २०२२ ला अख्खा अल्बम स्वतः काढला. इंडियन ओशन बँडने २०१० मध्ये नवा अल्बम नेटवर फुकट दिला, महिन्याला एक गाणं. तुम्हीपण तीन गाणी एकदम टाकू नका.

ड्रॉप_डी
सगळ्यांचे आभार. काल रात्री चौघांनी बसून ठरवलं. सही नाही, स्टुडिओपण नाही. ड्रमरच्या आत्याचा वाईला वाडा आहे, माडीवर जुनी तक्तपोशी. परवा तिथे फोनवर स्नेअर ड्रम रेकॉर्ड करून पाहिला. जॅमरूममध्ये तो पत्र्यासारखा वाजतो. इथे ठोका पडल्यावर लाकडातून मागे एक उबदार घुमारा आला. माइक लॅपटॉपला जोडणारा आठ चॅनेलचा सेकंडहँड इंटरफेस ३२ हजारांत ठरलाय, माइक भाड्याने, उरलेले मिक्सिंगला. तीन होणार नाहीत, एकच गाणं होईल. उंबरठ्याचं, सोलोसकट, ५ मिनिटं ४० सेकंद. वकीलसाहेब, चौघांचा कागद झाला.

रंगभवन_८६
माडीवर पावसाचा आवाज येईल. वर पत्रे आहेत की कौलं?

ड्रॉप_डी
कौलं. दिवाळीनंतर करतोय, काका. या वाईला.