मदत हवी आहे: ट्यूटर स्वतःहून निर्णयच घेत नाहीत

मलप्रभा: बेळगावात नर्सिंग कॉलेजला आहे. जूनपासून विभाग माझ्याकडे आलाय. ट्यूटर, म्हणजे हाताखालच्या शिक्षिका, हुशार आहेत, पण वॉर्डात कुठल्या मुलीला कुठली केस द्यायची हेही मला फोन करून विचारतात. लीडरशिपचा चांगला कोर्स सुचवा. इन्स्पेक्शन तोंडावर आहे, लवकर!

निपाणी_मास्तर: विभाग कुठला? जीएनएम (डिप्लोमा) की बीएस्सी (डिग्री)? मुली किती?

मलप्रभा: बीएस्सी, ओबीजी, म्हणजे प्रसूती-स्त्रीरोग. कोर्सचं सांगा ना.

खानापूरची_सिस्टर: कोर्स-बिर्स राहू दे मॅडम. आमच्याकडे दर महिन्याला एक ट्यूटर क्लिनिकल कोऑर्डिनेटर. कुठली बॅच कुठल्या वॉर्डात कधी, तो रोटेशन प्लॅन तिचाच, वॉर्ड इन्चार्जशी बोलणंही तिचंच. एकदा लेबर रूममध्ये दोन बॅच एकदम धडकल्या, इन्चार्ज भडकली. मी मधे पडले नाही. त्या ट्यूटर पोरीने तिथल्या तिथे एक बॅच एएनसी ओपीडीला (गरोदर बायकांच्या तपासणीला) वळवली.

निपाणी_मास्तर: आणि बाळंतिणीला त्रास झाला असता तर? आधी १० मुलींमागे १ शिक्षक हे नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण पाळलं जातं का ते बघा. तीस मुली एकटीने राखायच्या, वर पुढारपण कसलं करणार?

तिसरं_गेट: खरी अडचण भाषेची. चिकोडी-गोकाककडचे पेशंट कन्नड बोलतात, ट्यूटर केरळच्या असतील तर बिचकणारच. कन्नडचा क्लास लावा.

खानापूरची_सिस्टर: केरळचं कोण बोललं इथं?

पाहुणा: मुलीला जीएनएमला घातलं तर पुढे बीएस्सी होतं का?

निपाणी_मास्तर: होतं, पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षांचं. वेगळा धागा काढा की ओ.

खानापूरची_सिस्टर: मॅडम, ट्यूटरनी ठरवलेलं मागे कुणी बदललं होतं का?

मलप्रभा: प्राचार्य बदलतात, रात्री व्हॉट्सॲपवर. ते पहिल्यापासूनच आहे.

खानापूरची_सिस्टर: हे आत्ता सांगताय व्हय? रात्री पुसलंच जाणार असेल तर दिवसा ठरवेल कोण? प्लॅन विभागाच्या मीटिंगमध्ये पक्का करा, इतिवृत्तात घ्या, खाली ट्यूटरची आणि प्राचार्यांची सही. बदल करायचा तर त्या ट्यूटरला बोलावूनच. तेच रजिस्टर इन्स्पेक्शनला दाखवा.

तिसरं_गेट: प्राचार्य सही करतील होय!

निपाणी_मास्तर: इन्स्पेक्शनचं नाव काढा, करतील. आणि २०२१ च्या अभ्यासक्रमात मॅनेजमेंट-लीडरशिप विषय आहेच की. मुलींना शिकवता, ते आधी प्राचार्यांना वाचायला द्या.

मलप्रभा: सोमवारी मीटिंग लावते. कोर्सचं मात्र कुणीच सांगितलं नाही.