भुताच्या कमी बजेटच्या फिल्ममधे म्युझिक कमी करा राजेहो

जागलीवाला
आपल्या तालुक्यातल्या पोट्ट्यायनं मोबाईलवर शूट करून भुताची छोटी फिल्म टाकली, पाहिली असंल. नसंल पाहिली तर गोष्ट एवढीच, थ्री फेज लाईन रातच्याला येते म्हणून एक कास्तकार एकटाच ओलिताले जाते आन विहिरीपाशी त्याले कोनीतरी दिसते. विषय एक नंबर, ॲक्टिंग चांगली, पण म्युझिकनं पार वाट लावली. त्यायले खाली पाडाले नाही लिहून रायलो, पुढची फिल्म याच्याहून भारी झाली पाहिजे म्हणून लिहून रायलो.

तो सीन पाहा. गडी स्टार्टरचं हिरवं बटन दाबते, मोटर घुंऽऽ करत चालू होते, पाइपातून आधी भसभस हवा निघते मंग पाणी येते. हा आवाज आपल्यापैकी कोनाले मालूम नाही? आन मंग लाईन जाते. तिथं फक्त मोटर बंद पडली असती, रातकिडे, लांब कुठंतरी डुकरं हाकलासाठी पिपा वाजवनारा जागली, बस, आंगावर काटाच आला असता. पण इथं लाईन जायच्या आधीच व्हायोलिन किंचाळाले लागते, म्हणजे आधीच सांगून टाकलं की बावा आता भेव लागनार हाय, तयार राहा. मंग कायचं भेव लागते? वरून थे व्हायोलिन आपल्या वावरातलं नाहीच. 1999 चा ब्लेअर विच प्रोजेक्ट हा इंग्रजी भुताचा पिच्चर घ्या, नेहमीसारखं बॅकग्राउंड म्युझिक नाही, जंगल आन माणसायचे आवाज, तरी जगभरचे लोकं भेले.

वडसेकर
भाऊ, म्युझिक काढा हे काही पटलं नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाले एकदा गडचिरोलीकडं वडसा भागात येऊन पाहा. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रातभर नाटक चालते, ऑर्गनवाला आन ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ढोल वाजवनारा) नटाच्या पायाकडं पाहून वाजवते, खलनायकानं पाय टाकला की धम्म. रातच्या दोन वाजता बायाबापे डोळा लवू देत नाही. पैशे कमी असले की म्युझिकच माणसाले सांभाळून घेते. 1978 च्या हॅलोविनचं बजेट तीन लाख डॉलरच्या आसपास होतं, डायरेक्टर जॉन कारपेंटरनं सोताच म्युझिक केलं, पियानो आन सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), पाच मात्रांची चाल. त्यानंच सांगितलं हाय की म्युझिक लावायच्या आधी एका स्टुडिओच्या बाईले पिच्चर दाखवला तर तिले काहीच भेव वाटलं नाही. मंग म्युझिक लावलं आन पुढचं सगळ्यायले मालूम हाय.

साउंडवाला
मी लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो म्हणून सांगतो, पोरं एवढं म्युझिक काहून भरतात तर शूटिंगचा मूळ आवाज खराब असतो. मोबाईलच्या माइकमधे वारा फडफडते, डायलॉग मधातच बुडते, मग ते लपवायला ट्रॅक टाकायचा. आन ट्रॅकही फुकटचा, कॉपीराइट क्लेम येऊ नये म्हणून लायब्ररीतला, तोच सगळ्या क्राइमच्या चॅनेलवर. दुसरं म्हणजे ते खालचं घूऽऽम जे हेडफोनवर लय भारी वाटते ते फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, एवढ्याशा स्पीकरमधे बेस निघतच नाही. एडिटिंग हेडफोनवर आन पाहणारे फोनवर, मग राहते काय तर वरची चिरचिर.

घरची प्रेक्षक
जागलीवाले दादा, तुमची शांतता थेटरात ठीक आहे. आम्ही घरी पाहतो तेव्हा कुकर वाजत असतो, लेकरं भांडत असतात, त्यात म्युझिक बंद झालं की आधी फोनचा आवाजच कमी झाला असं वाटते. म्युझिक असलं की निदान कळते तरी की आता इकडं पाहा. आन फुकटचा ट्रॅक म्हणून नाक मुरडू नका, 1968 च्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेडमधे लायब्ररीतलंच म्युझिक वापरलं होतं. कुठं लावता ते महत्त्वाचं.

जागलीवाला
ताई, शांतता म्हणजे आवाज शून्य करा असं मी म्हणतच नाही. वावरात रातच्याला कुठं शांतता असते, टिटवी हाय, पिंगळा हाय. शूटिंग झाल्यावर सगळ्यायनं चूप बसून पाचेक मिनिटं नुसता वावराचा आवाज रेकॉर्ड करा, माइकवर कापड गुंडाळा, याले पैशे लागत नाही. थे खाली ठेवलं की डायलॉगमधले डागही झाकते आन म्युझिकची भूकही कमी होते. ब्लेअर विचचं कोनीच बोललं नाही.

वडसेकर
बोलतो न. त्याच्यात गोष्टच अशी की हरवलेल्या पोरायनं शूट केलेल्या टेपा सापडल्या, त्याच्यावर म्युझिक कुठून येईन? कास्तकाराच्या फिल्ममधे तसं काही नाही. आन व्हायोलिनवर एवढा राग असंल तर 1960 चा सायको पाहा. डायरेक्टर हिचकॉकले शॉवरमधल्या खुनाच्या सीनवर म्युझिक नकोच होतं, म्युझिकवाल्या बर्नार्ड हरमननं तरी केलं, नुसती तारवाद्यं, आन ऐकल्यावर हिचकॉकनं ठेवलं.

जागलीवाला
ठेवलं, पण कुठून चालू होते थे पाहा न! बाई आंघोळ करते तवा फक्त पाण्याचा आवाज. पडद्यामागून सावली येते, तरी पाणीच. पडदा ओढला की मंग तारा किंचाळते. आपल्या पोट्ट्यायनं पडदा ओढायच्या आधीच वाजवलं, माझं सगळं भांडण याच्यावरच हाय.

साउंडवाला
हे मात्र बरोबर. त्या सीनमधे ट्रॅक फक्त लाईन गेल्यानंतर सरकवला तरी अर्धं काम होते, बाकी काही बदलू नका.

वडसेकर
सरकवा, त्याले ना नाही. पण "आपल्या वावरातलं नाही" हे मी मानत नाही. ऑर्गन कुठं आपल्या वावरातला होता, आता झाडीपट्टीत त्याच्याबिगर नाटक उभं राहत नाही. त्या पोट्ट्यायले सांगा, पुढच्या फिल्मले आमच्याकडचा ऑर्गनवाला घ्या, जान्यायेन्याचा खर्च माझा. फक्त सीन त्याले आधी दाखवा, त्याच्यासमोर चालवा, पाहून वाजवू द्या.